ढिगाऱ्याखालचा झरा

जळगावच्या पिंप्राळ्यात चैत्र संपत आला की रस्त्याच्या कडेला लाल घागरी येऊन बसतात. कुंभाराची हातगाडी, तिच्यावर वाळलेलं गवत, गवतावर तोंड खाली करून ठेवलेल्या घागरी. स्कूटर उभी करून माणसं उतरतात, एक घागर उचलतात, बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. आवाज खणकन आला तर ती बाजूला ठेवतात, बद्द आला तर पुन्हा गाडीवर. दुपारी रिक्षा कमी झाल्या की हा आवाज मी राहतो त्या वरच्या मजल्यापर्यंत येतो. खण. बद्द. खण. डोळे मिटून ऐकला तर लांब कुठेतरी कुणी दगड फोडत असल्यासारखा वाटतो.

आखाजी जवळ आली, एवढाच त्याचा अर्थ. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणतो आणि सोन्याच्या दुकानात जातो. खान्देशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. तिच्यावर खरबूज ठेवतात, आंबा आणि सांजोरी ठेवतात. आणि लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर बसतात. मुलीला आणायला जो भाऊ जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळ्याला सासरी मान असतो. त्याला आधी पाणी देतात, मग चहा, आणि मग तो बहिणीची पिशवी उचलतो.

माझं माहेर-सासर असं काही नाही, पण मुऱ्हाळीपण आहे. कमलअक्का माझी मोठी बहीण. आमचं घर बोदवडला, तिचं सासर नरडाण्याजवळच्या एका गावात. जळगावहून सुरतेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने नरडाण्याला उतरायचं, अक्काला घ्यायचं, त्याच वाटेने परत, मग गाडी बदलून बोदवड. लग्नानंतर तिची बोली बदलली, ती तिकडची अहिराणी बोलू लागली. आईला ते फारसं आवडलं नव्हतं. "पोरगी तिकडलीच झाली," असं ती म्हणायची आणि तरी आखाजीच्या आधी आठवडाभर दारात बसून वाट बघायची.

एका वर्षी मी मुऱ्हाळी म्हणून गेलो आणि अक्का आली नाही. त्या उन्हाळ्याची आठवण या घागरींच्या आवाजाबरोबर येते. तिला क्रम फारसा नाही. ऊन आधी येतं.

नरडाणा स्टेशनच्या बाहेर पडलं की उद्योग वसाहतीच्या शेडचे पत्रे लकाकतात. ते मागे टाकून कच्च्या रस्त्याला लागलं की आधी गाव दिसत नाही, ढिगारा दिसतो. उन्हाच्या झळांमध्ये तो जमिनीपासून थोडा वर उचलल्यासारखा, हलता. जवळ जाऊ तसा तो खाली उतरतो, जड होतो, दगडाचा होतो.

तिथे कधीकाळी खदान होती. चांगला काळा दगड रेल्वेच्या रुळांखाली आणि पुलांच्या पायात गेला. जो कामाचा नव्हता, ठिसूळ, पोकळ, मुरमात मिसळलेला, वेडावाकडा फुटलेला, तो खदानीच्या काठावर टाकत गेले. मग खदान बंद पडली. खड्ड्यात पाणी साचलं, काठावर ढिगारा उरला. अक्काचे दिवंगत सासरे त्याच खदानीत कामाला होते. ढिगाऱ्यातले किती दगड त्यांच्या डोक्यावरून गेले हे त्यांना सांगता येत नसे. पुढे ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, स्वतःच्या वावरात, त्यांनी विहीर खोदली. दगडाच्या राशीखाली पाणी कुठून लागणार म्हणून लोक हसले. पाणी लागलं. ढिगाऱ्याच्या अंगाला, विहिरीच्या काळ्या भिंतीत, एक झरा निघाला आणि तो वैशाखातही बंद झाला नाही. पावसाळ्यात ढिगाऱ्यावर पडलेलं पाणी दगडांच्या फटींतून आत जायचं आणि वर्षभर सावकाश झिरपत यायचं. गावातल्या कूपनलिका आटल्या की लोक कळशा घेऊन याच विहिरीवर येत. आखाजीची घागरही बरीच घरं इथूनच भरत.

तो ढिगारा मला नेहमी झोपलेल्या जनावरासारखा वाटे. वर्षानुवर्षं धूळ बसून त्याच्यावर बोटभर कातडी आली होती, माती म्हणावी इतकी ती माती नव्हती. खडे, मुरूम, वाळलेली मुळं, शेळ्यांच्या लेंड्या, वाऱ्याने आलेलं बी. त्यात तरवड उगवला होता. हिवर, बोर, कुसळी गवत. दुपारी तितर ओरडायचे आणि एखादी घोरपड दगडावर पसरून ऊन खायची. फुटलेल्या दगडांच्या पोटात पांढरे स्फटिक होते, सूर्य कलला की ढिगारा जागोजागी चमकायचा आणि लगेच विझायचा. आपण पाहिलं की नाही, असा प्रश्न पडावा इतकाच वेळ.

मग महामार्ग रुंद होऊ लागला. खडी हवी होती, आणि वाळूच्या जागी दगडाची बारीक चुरी. ज्या दगडाला कुणी विचारत नव्हतं तोच क्रशरमध्ये घालून त्याची खडी होऊ शकते, हे जवळपासच्या क्रशरवाल्या रामदासनानांच्या लक्षात आलं. नाना पन्नाशीचे, अंगाने भरलेले, पांढरा शर्ट आणि त्यावर कायम दगडाची राखाडी भुकटी. त्यांनी ग्रामसभेत सरळ मांडलं.

"नवी टेकडी फोडायची म्हणजे सुरुंग आले. घराच्या भिंती तडकतात, तुम्हालाच माहीत. हा माल फुटलेला पडला आहे. तो उचलला तर एक टेकडी वाचते."

हे खोटं नव्हतं. मी ती ग्रामसभा पाहिली. त्या वर्षी वृत्तपत्राने मला धुळ्याला पाठवलं होतं आणि रविवारी मी अक्काकडे जात असे. शाळेच्या ओट्यावर लोक बसले होते, बायका एका बाजूला. सरपंचांनी अक्काकडे पाहिलं, कारण विहीर तिची. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, सुरतेला नोकरीला होते.

"माले काय इचारतस?" अक्का बसल्या जागेवरून म्हणाली. "इहिरले इचारा."

लोक हसले. नानाही हसले. "अक्का, इहीर बोलत नाही ना."

"बोलस ना, भाऊ. पानी गढूळ व्हयनं की बोलनी समजा. मंग तुमना पट्टा बंद. कबूल शे का?"

नानांनी शर्टावरची भुकटी झटकली. क्रशरचा पट्टा बंद म्हणजे त्यांचा हंगाम बंद. "कबूल," ते म्हणाले.

त्या एका शब्दावर तो उन्हाळा उभा होता. कागदावर नियम होते आणि ते धुळ्याहून येणाऱ्या वैशालीमॅडम सांगत. भूशास्त्र शिकलेल्या, तिशीच्या, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून ढिगाऱ्यावर चढणाऱ्या. नानांनीच त्यांना कामावर ठेवलं होतं. विहिरीकडचा उतार उचलायचा नाही, तो जागच्या जागी ठेवून फक्त बसका करायचा. उतार खणण्याआधी वरची बोटभर कातडी खरवडून वेगळी ठेवायची, काम झालं की तीच परत पसरायची. क्रशरभोवती पत्रे, पट्ट्यावर पाण्याचे फवारे. पायथ्याला दगड भरलेला चर, म्हणजे वाहून आलेली चुरी तिथेच बसेल. त्याप्रमाणे काम सुरू झालं. रविवारी मी जायचो तेव्हा फवाऱ्यांच्या तुषारांत एक फिकट इंद्रधनुष्य उभं असायचं आणि त्याच्याखालून राखाडी खडी पडत राहायची. तितरांचा आवाज मात्र आता ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाने येत होता.

अक्का रोज सकाळी विहिरीत वाकून बघायची. आधी तळाचा तो एक रुंद दगड दिसतो का ते पाहायची, मग दोर सोडायची. दगड दिसला की तिच्या खांद्यांचा ताण उतरायचा.

होळीनंतर विहिरीकडचा उतार बसका करून झाला. उघडा, करडा, फुटलेल्या दगडांचा. बघून लोकांना वाईट वाटलं. क्रशरच्या मागे ती खरवडलेली कातडी ढीग करून ठेवली होती, तिच्यात काटक्या आणि खडेच जास्त दिसत होते. ती परत पसरायची असं मॅडमनी सांगितलं तेव्हा गावातले एक आबा, वयाने मोठे, काठी टेकत पुढे आले.

"मॅडम, हाई तर कचरा शे. यानावर काय उगी? आम्ही माती देतस. आमना वावरनी, कायी माती. कापूस पिकस तिनावर, गवत नही पिकी का?"

खान्देशातल्या शेतकऱ्याला माती म्हणजे काळी माती. खोल, कसदार, उन्हात भेगाळणारी, पावसात पायाला धरून ठेवणारी. बाकी सगळा मुरूम. जमिनीची किंमत, सोयरीक, माणसाचा आब या मातीवर ठरतो. ती कुणी कुणाला फुकट देत नाही. आणि इथे सगळं गाव द्यायला निघालं होतं, एका दगडाच्या ढिगाऱ्यासाठी, ज्याला इतकी वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. प्रत्येक घराने आपल्या वावरातली वरची माती काढली. ट्रॉल्यांच्या मागे पोरं पळत होती. कुणी ट्रॅक्टरला हार घातला. अक्काने विहिरीशेजारच्या पट्टीतली दिली, ज्या पट्टीत तिची दादर ज्वारी सगळ्यात उंच येई.

मॅडम उताराखाली उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी शेजारीच होतो. "चांगली माती आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

चार-पाच दिवसांत उतार काळा झाला. फावड्याच्या पाठीने थोपटून गुळगुळीत केलेला, लिंपलेल्या भिंतीसारखा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो जांभळा दिसे. बायका लांबून त्याच्याकडे बघत उभ्या राहायच्या, जसं नव्या घराकडे बघतात. अक्काने कडेला अंबाडीचं बी टाकलं. पुढे ऊन वाढलं, मातीला भेगा पडल्या, त्या भेगांत हात जाईल इतक्या रुंद झाल्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वावरातही पडतातच.

आखाजीच्या थोडं आधी अवकाळी आला. मी तेव्हा धुळ्यात होतो, तिथेही आला. दुपार एकाएकी पिवळी झाली, वाऱ्याने कागद उडाले, मग टपोरे थेंब, मग गारा, मग सरळ धार. तासाभराने आभाळ इतकं स्वच्छ निघालं की काही झालंच नाही असं वाटावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरा शर्ट घालून, आंब्याची करंडी घेऊन, मुऱ्हाळी म्हणून अक्काच्या दारात उभा राहिलो तर घर उघडं आणि आत कुणी नाही. सगळे विहिरीवर होते.

उतार पुन्हा करडा झाला होता. भेगांतून पाणी आत गेलं, माती फुगली, खालच्या उघड्या दगडावर तिला धरायला काही नव्हतं, आणि ती साबणाच्या वडीसारखी घसरत खाली आली होती. दगडी चर भरून वरून वाहिला होता. विहिरीत पाणी नव्हतं, काळा चहा होता.

"चुरी उतरनी," मागून कुणीतरी म्हणालं. "क्रशरनी चुरी!" दुसऱ्याने उचललं. एवढ्यात नानांची जीप आली. ते उतरले, लोकांकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, आणि टोपी काढून हातात धरली. शब्द त्यांनी दिला होता, सगळ्या गावासमोर. मला आठवतं, क्रशरचा आवाज तेव्हा चालूच होता आणि प्रत्येकजण तो बंद पडण्याची वाट पाहत होता.

वृत्तपत्रात काम करणाऱ्या माणसाला अशा वेळी मथळा आधी दिसतो. क्रशरमुळे विहीर गढूळ. तो सोपा होता आणि तो तिथे जमलेल्या प्रत्येकाच्या ओठांवर होता. एका शब्दाने पट्टा बंद करण्याचा हक्क अक्काच्या हातात होता. तिने दोर सोडला, बादली वर काढली, आणि त्यात हात घालून बोटं चोळली. मग ती नानांकडे न जाता त्या म्हाताऱ्या आबांकडे गेली.

"आबा, चुरी राखाडी ऱ्हास. जड ऱ्हास, चरमा बसी जास. हाई देखा." तिने काळी बोटं त्यांच्यापुढे धरली. "हाई तुमनी माती शे. हाई मनी माती शे. हाई आपली बठ्ठास्नी शे."

आबांनी तिची बोटं पाहिली, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"मंग नाना बंद कराव का आपन बंद कराव?" मागच्या एका बाईने विचारलं आणि हशा पिकला. त्या हसण्याने सगळेच त्या कठीण क्षणातून निघाले. नानांनी टोपी परत डोक्यावर ठेवली, पण जीपमध्ये बसले नाहीत. क्रशरकडे बघून त्यांनी हात वर केला, आडवा फिरवला, आणि पट्टा थांबला. "शब्द शब्द असतो, अक्का. गढूळ म्हणजे गढूळ. साफ होईपर्यंत बंद."

ती शांतता मला अजून ऐकू येते. कित्येक आठवड्यांनी त्या जागेचा स्वतःचा आवाज परत आला. गवतातला किडा, विहिरीत टपकणारं पाणी, कुठेतरी तितर.

मॅडम दुपारी आल्या. त्यांना कुणी बोल लावला नाही, त्यामुळे त्या जास्तच अस्वस्थ झाल्या. "काळी माती उतारावर टिकत नाही, हे मला माहीत होतं," त्या अक्काला म्हणाल्या. "पण तुम्ही सगळे इतक्या हौसेने देत होता. मला नाही म्हणता आलं नाही."

"म्हनतीस तरी आम्ही ऐकतूत का?" अक्का म्हणाली. "तो कचरा शे का अजून, क्रशरमांगे?"

होता. न्यायला योग्य वाटला नाही म्हणूनच शिल्लक होता.

त्यानंतरचे दिवस मला एकात एक मिसळलेले आठवतात, दुपारच्या झोपेतल्या स्वप्नासारखे. आखाजीसाठी गावच्या लेकी माहेरी आलेल्या होत्या. निंबाच्या फांद्यांना झोके बांधून तयार, आणि झोके रिकामे. सगळ्या उतारावर. काही जणी उरलेली काळी माती दगडांवरून खरवडून खाली देत होत्या, काही जणी क्रशरमागून कातडीची घमेली वर पोचवत होत्या, हातातून हातात. आखाजीला वरच्या गल्लीच्या आणि खालच्या गल्लीच्या पोरींनी वेशीवर उभं राहून एकमेकींना टोमणे मारायचे, ही तिकडची जुनी रीत. त्या वर्षी वेस उतारावर सरकली.

"व खालनी गल्लीनी! तुना घमेलामा माती शे का नुसती हवा?"

"तू तुनं देख व माय. सासरले जाईसन जाडी व्हयनी, वाकता येत नही तुले!"

"जाडी व्हयनी तर सासू खावाले देस. तुनी सासू तर चहाले बी पानी जास्त टाकस!"

"टाकू दे. ते पानी तरी साफ शे!"

यावर दोन्ही गल्ल्या एकदम हसल्या आणि घमेली थांबली, मग पुन्हा चालू झाली. खडे, मुळं, काटक्या, बी. वरून खाली येणारी माती मऊ आणि सुंदर होती, खालून वर जाणारी हाताला बोचत होती. एवढं माझ्या लक्षात राहिलं. मीही घमेली दिली. पांढरा शर्ट त्याच दिवशी गेला.

अक्काने विहिरीवरची मोटार चालू केली आणि काळं पाणी वावरात सोडलं. बारीक गाळ पाण्यात तसाच तरंगत राहतो, बसायची वाट पाहिली असती तर आखाजी निघून गेली असती. पाणी सऱ्यांतून पसरलं, जिरलं, आणि मागे काळा, तुकतुकीत थर राहिला. बांधावर बसलेले म्हातारे आबा ते पाहत होते.

"कमल, बठ्ठा गावनी माती तुना वावरमा उनी की व. फुकट!"

"मंग काय, आबा. या साले तुमना कापूस मना वावरमा पिकी. वेचाले या."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

विहीर रिकामी झाली तेव्हा हसणं संपलं. तळाचा रुंद दगड उघडा पडला, त्याच्यावर चिखल. ढिगाऱ्याकडच्या भिंतीत झऱ्याची जागा काळी, ओली, मुकी. आता प्रश्न एकच होता आणि तो कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. ढिगाऱ्याचं पोट आतून गढूळ झालं असेल तर? दगडांच्या फटींत माती शिरून बसली असेल, वाट बुजली असेल, तर त्या झऱ्याला पुन्हा मोकळं करणारं कुणी नाही. ते पाणी हाताने घडवलेलं नव्हतं. कुण्या एकेकाळच्या मजुरांनी नको असलेला दगड टाकत टाकत, नकळत, ती साठवण बांधली होती.

"आईला काय सांगू?" मी अक्काला विचारलं.

ती काठावर पाय सोडून बसली होती. "सांग, या साले नही येत. इहिरले सोडीसन कशी येऊ?" मग थोड्या वेळाने, आमच्या घरच्या बोलीत, जी ती आता क्वचित वापरायची, ती म्हणाली, "तिला म्हण, रागावू नको."

मी बोदवडला फोन केला. आईने सगळं ऐकून घेतलं. "पाणी आलं की कळव," ती म्हणाली. रागावली की नाही ते कळलं नाही.

आखाजीच्या दिवशी पहाट फुटली तेव्हा विहिरीभोवती माणसं होती, हातांत लाल घागरी, कोऱ्या. कुणाच्या घरी टाकीचं पाणी होतं, टँकरही येऊन गेला होता, पण लोक आले होते. दाजी सुरतेच्या गाडीने नुकतेच उतरले होते आणि पिशवी खांद्यावर तशीच होती. नाना आले होते. मॅडम आल्या होत्या, डोक्याची ओढणी आज मोकळी. अक्का वाकली. उजेड अजून तळापर्यंत पोचत नव्हता. आम्ही तिच्याकडे बघत होतो आणि ती खाली. पूर्वेकडून ऊन ढिगाऱ्याच्या माथ्यावर आलं, उतारावरून सावकाश खाली सरकलं, नव्या बोचऱ्या कातडीवरून, काठावरून, आणि विहिरीच्या भिंतीवर उतरलं. झऱ्याच्या जागी एक रेघ चमकली. तिच्याखाली, रुंद दगडाच्या खोलगट भागात, घोटाभर पाणी होतं.

"दिसस," अक्का म्हणाली.

दगड पाण्यातून दिसत होता.

घोटाभर पाण्यात बादली बुडत नाही. दाजी पायऱ्यांनी खाली उतरले आणि तांब्याने घागर भरू लागले. एका घराला एकच घागर, असं कुणी ठरवलं नाही, पण तसंच झालं. अक्काने पहिली घागर त्या म्हाताऱ्या आबांना दिली. ते ती छातीशी धरून घरी गेले, वाटेत थेंब सांडू नये म्हणून काठी मला दिली. मग बाकीच्यांच्या. झरा थोडं द्यायचा, थांबायचा, पुन्हा थोडं. लोक वाट पाहत होते आणि कुणाला घाई नव्हती. दुपार कलताना सासऱ्यांच्या नावाची घागर अक्काच्या ओट्यावर बसली, तिच्यावर मी आणलेल्या करंडीतला आंबा, आणि दाजींनी सुरतेहून आणलेलं खरबूज. ज्यांनी तो ढिगारा केला, त्यांना त्याच्या पोटातलं पाणी.

पट्टा पुढे पुन्हा सुरू झाला, त्याच अटीवर. ढिगाऱ्याचा पलीकडचा भाग आता नाही, तो महामार्गाच्या खाली आहे. त्या रस्त्याने जाताना चाकाखाली एक सलग गुणगुण येते आणि मी उगीच कान देतो. विहिरीकडचा उतार तसाच आहे. त्यावर पहिल्या वर्षी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी कुसळी आली. मग तरवड. अक्काचं अंबाडीचं बी कुठे गेलं कुणास ठाऊक. मॅडम दुसऱ्या कामावर गेल्या, त्या कधीतरी फोन करून विचारतात. काय विचारतात ते सांगायला नको.

अक्का मात्र त्यानंतर आखाजीला आली नाही. दरवर्षी मी जायचो, आंबे ठेवायचो, आणि ती म्हणायची, पुढल्या साली. अवकाळी कधी येईल याचा आता नेम नाही. पाऊस आला आणि मी नसले तर? तिचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून कुणी वाद घातला नाही. आई दारात बसायची, आणि संध्याकाळी उठून आत जायची.

या वर्षी गुढीपाडव्यानंतर अक्काचा फोन आला. गारांचा मोठा पाऊस होऊन गेला होता, त्या मोसमातला सर्वांत मोठा. मी विचारलं, विहीर? "मुऱ्हाळी यावाले इसरी गया का?" एवढंच ती म्हणाली.

आखाजीच्या तोंडावर मी सकाळच्या पॅसेंजरने गेलो. स्टेशनपासून ढिगारा दिसला, अर्धा, झळांवर तरंगणारा, पिवळ्या वाळक्या गवताचा. गवताखाली दगड दिसत नव्हता. दाजी आता निवृत्त होऊन घरीच असतात, ओट्यावर बसून घागरीला चुना लावत होते. त्यांनी मला पाणी दिलं, मग चहा. पाण्याकडे मी ग्लास उजेडात धरून पाहिलं, तेव्हा ते हसले.

अक्का तयार होती. नवं लुगडं, हातात पिशवी. दारातून ती रस्त्याकडे न वळता विहिरीकडे गेली. मी मागे उभा राहिलो. ती वाकली, बराच वेळ वाकून राहिली. वर, उतारावर, तरवडात काहीतरी खसखसलं आणि तितर ओरडला.

ती सरळ झाली. पिशवी माझ्या हातात दिली.

"चाल," ती म्हणाली. "गाडी निंघी जाई."